संघटना नेमकी कुणाची?

"तुमची संघटना खरंच सगळ्या फेरीवाल्यांच्या वतीनं बोलते का?" हा प्रश्न मला सारखा विचारला जातो. पत्रकार विचारतात, कॉलेजची पोरं विचारतात, परवा माझ्या भाच्यानंही विचारला. तर सांगतो. नाही, सगळ्यांच्या वतीनं नाही. जे बैठकीला येतात, त्यांच्या वतीनं.

हे मला कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या बाजारात कळलं. त्या दिवशी संध्याकाळी चारला आमची बैठक झाली होती. आलेले बहुतेक हातगाडीवाले, ठरलेल्या जागेचे. ठराव एकमतानं झाला: आहेत त्या जागा कायम करा, नवीन कुणाला बसवू नका. परतताना, पोत्यावर मेथी-पोकळा मांडून बसणाऱ्या मावशींना मी तो उत्साहानं सांगितला. पेंड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता त्या म्हणाल्या, "म्हंजे मला उठवा असंच लिवलंय की, दादा?" खेड्यातनं येणारी बाई, तिची ठरलेली जागा नाही. आमच्या वर्गणीची पावती मात्र तिच्या पिशवीत होती. आणि चार वाजता, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला, ती बैठकीला येणार तरी कशी?

2014 च्या पथविक्रेता कायद्यानं याचा बराच विचार केलाय. शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले हवेत, त्यात एक तृतीयांश बायका. स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांना किमान 10 टक्के. हा फरक मला मनापासून पटतो. निवडून आलेल्या विक्रेत्याला दुसऱ्या दिवशी त्याच बाजारात तोंड दाखवायचं असतं, माझ्यासारख्या कार्यकर्त्याला नसतं. पण मत द्यायचं तर यादीत नाव हवं, नावासाठी सर्वेक्षणात मोजलं जायला हवं, आणि मोजणारा आला त्या दिवशी मावशी गावी असल्या तर?

लोक शहरातल्या टोलविरोधी आंदोलनाचा दाखला देतात. तेव्हा रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत सगळ्या कोल्हापूरला एकच गोष्ट हवी होती, ज्येष्ठ नेते एन. डी. पाटील सरांसारखा माणूस पुढं होता. फुटपाथच्या जागेचं तसं नसतं. एकाला मिळाली की दुसऱ्याची जाते, आणि ते दोघंही आमचे सभासद.

म्हणून आता निवेदनाचा मसुदा आम्ही आधी बाजारात, ज्याच्या-त्याच्या जागेवर जाऊन वाचून दाखवतो. ज्यांना पटत नाही त्यांचं म्हणणंही त्यात लिहितो. "तुमच्यातच एकमत नाही, मग आम्ही काय करायचं?" असं अधिकारी ऐकवतात. यानं संघटनेची ताकद जाते म्हणून दोन जुने सहकारी सोडून गेले. त्याचं मला फार वाईट वाटलं, पण पद्धत बदललेली नाही.

पहिला मसुदा मावशींनाच वाचून दाखवला होता: आठवड्यातून तीन दिवस येणाऱ्यांनाही जागा मिळावी.

"तीन न्हवं, चार," त्या म्हणाल्या. "शनवार ऱ्हायला."

तिथंच पेन काढून दुरुस्त केलं.