कोसला आवडली का, असं चारचौघांत विचारू नका 😄

आज सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये पुस्तकगप्पा होत्या आणि नेमाडेंच्या कोसला कादंबरीवरून जे काही पेटलं ना, बाप रे! एक काका म्हणाले, 1963 साली असेल नवीन, पण ते सारखं सारखं उदाहरणार्थ आणि वगैरे वाचून डोकं उठतं, तर इंजिनिअरिंगचा एक पोरगा एकदम सरसावून बसला, म्हणे काका, नायकाची धाकटी बहीण मनी जाते तो भाग वाचलात का, मी हॉस्टेलवर रडलोय. त्याच्याकडच्या लायब्ररीच्या प्रतीत त्याच पानावर कुणीतरी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'पुरे' लिहिलंय, ते पण दाखवलं त्याने. मृत्युंजयचं नेहमीचंच, अर्धे फिदा, अर्ध्यांना भाषा जड. बनगरवाडीला मात्र कुणीच नावं ठेवली नाहीत (चमत्कारच!), दुष्काळात वाडी ओस पडते तिथे सगळेच अडकलेले. मला विचाराल तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे सगळ्यांत भारी, 1895 मध्ये नवरा ख्रिस्ती होतो, बाईचं अख्खं जग उलटंपालटं होतं, आणि तरी ती लिहिताना आपल्याला हसवत राहते, कसं जमलं असेल कुणास ठाऊक. पण ते आम्ही दोघींनीच वाचलेलं. पुढच्या वेळी दया पवारांचं बलुतं ठरलंय, कुणाकडे जास्तीची प्रत असेल तर मेसेज करा प्लीज.