मागच्या वेळी किती होतं?

मंगळवार, रात्री साडेदहा. पंखा नुसता गरम वारा फेकतोय.

"ताई, मागच्या वेळी किती मारलं होतं आपण?"

एवढंच विचारलं माझ्या जिममधल्या ट्रेनरने. डंबेलच्या रॅकपाशी उभा, एक हात साडेसात किलोवर, एक दहावर. मी म्हटलं साडेसात. मग म्हटलं, दहा असेल. त्याने दहाचं उचलून हातात दिलं आणि स्क्वाट, म्हणजे वजन धरून उठाबशा, सुरू. भांडण नाही, अपमान नाही. तरी संध्याकाळपासून ते वाक्य भाकरीतल्या कचकचीसारखं दाताखाली येतंय.

'आपण' म्हणाला, ते जास्त लागलं की काय कोण जाणे.

पर्सनल ट्रेनरचे वेगळे पैसे कशाचे असतात? व्यायाम भिंतीवरच्या तक्त्यातही आहेत, मोबाईलमध्ये तर ढिगाने. जिमची फी भरली की मशीन सगळ्यांचीच. वेगळे पैसे असतात ते कुणीतरी आपलं लक्षात ठेवावं याचे. उजवा खांदा वर नेताना अडतो. मागच्या खेपेला तिसऱ्या सेटमध्ये नवव्या काउंटला टाचा उचलल्या. मला 'गुडघे बाहेर' सांगून उपयोग होत नाही, 'टाच दाबा' म्हटलं की लगेच जमतं. हे सगळं त्याच्याकडे लिहिलेलं हवं.

आणि निवडताना मी काही डोळे मिटून निवडला नव्हता. वहिनींनी दंड बघून निवडायला सांगितलं होतं, ते ऐकलं नाही. ट्रेनरचे दंड म्हणजे त्याने स्वतःवर घेतलेली मेहनत, दुसऱ्यावर घेतलेली नव्हे. बघायचं असतं ते पहिल्या दहा मिनिटांत तो काय विचारतो. छातीत दुखतं का, चक्कर येते का, कुठली गोळी चालू आहे, ऑपरेशन, बाळंतपण, झोप. न विचारता थेट ट्रेडमिलवर चढवणारा पहिल्याच दिवशी बाद. गोळीचं विचारणं उगाच नसतं. बीपीच्या बीटा ब्लॉकर प्रकारातल्या गोळ्यांनी नाडी पुरेशी चढतच नाही. मग मनगटावरच्या घड्याळातला आकडा गाठायला माणूस ऊर फुटेपर्यंत पळतो. तिथे बोलता येतंय का, एवढंच बघायचं. शुगरची काही औषधं आणि इन्सुलिन यांच्यावर उपाशीपोटी व्यायाम केला तर साखर एकदम खाली जाते. खिशात गोळ्या-बिस्किटं हवीत, आणि ती कुठल्या खिशात आहेत हे ट्रेनरलाही ठाऊक हवं.

प्रमाणपत्राचंही तसंच. फ्रेमकडे बघायचं नाही, तारखेकडे बघायचं. एसीई आणि एनएससीए या ट्रेनरना प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकन संस्था. एसीईचं दर २ वर्षांनी नवं करावं लागतं, एनएससीएचं ३ वर्षांनी. छाती दाबून जीव वाचवायचं सीपीआर शिकलाय का, आणि कधी, हे तोंडावर विचारावं. हात लावण्याआधी विचारतो का, हेही. पैसे महिन्याचेच द्यावेत. वर्षाचं पॅकेज स्वस्त पडतं खरं, पण मध्येच ट्रेनर सोडून गेला तर राहिलेली सेशन कोण घेणार, आपण गावाला गेलो तर ती पुढे सरकतात की बुडतात, हे कुणी लिहून देत नाही.

हे सगळं विचारलं होतं. एकच विचारायचं राहिलं, तुमची वही कुठे आहे?

वही नसली की काय होतं ते आज झालंच. दहाचं डंबेल छातीशी धरलं आणि सहाव्याला टाचा उचलल्या. तो "टाच, टाच" म्हणाला. टाचेचा काय दोष? साडेसातवरून दहा म्हणजे एकदम तिसरा हिस्सा वाढ. पाचावरून साडेसात तर दीडपट. आमच्याकडे डंबेल अडीच-अडीचनेच चढतात, मधलं काही नाही. म्हणून आधी काउंट वाढवायचे असतात, वजन नंतर. १० चे ३ सेट ठरले असतील तर शेवटच्या सेटला १२ निघायला हवेत, तेही लागोपाठ दोन खेपांना. मगच वजन चढवायचं. नवख्या माणसाला हाताच्या व्यायामाला १-२ किलो, पायाच्या व्यायामाला २-४. डंबेलची उडीच मोठी असेल तर १५ काउंटपर्यंत थांबायचं आणि वर गेल्यावर परत ८ वर यायचं. सोपा हिशेब आहे, पण मागचा आकडा असेल तरच.

आणि आकडा म्हणजे तरी नुसता आकडा थोडाच? '२०' लिहिलं तर रॉड धरून की सोडून? ऑलिंपिकचा रॉड २० किलोचा, बायकांचा १५ चा. गल्लीतल्या जिममधला बारीक रॉड त्याहून कितीतरी हलका असतो, आणि त्याच्यावर वजन छापलेलं नसतं. केबलच्या मशीनला खिळा सहाव्या पट्टीत घातला म्हणजे किती किलो? पुलीवर अवलंबून. दोन पुल्यांचा फेरा असेल तर हातात निम्मंच येतं, म्हणून या मशीनची सहावी पट्टी म्हणजे त्या मशीनची सहावी पट्टी नव्हे. रुळातून वरखाली होणाऱ्या स्मिथ मशीनचं वजन मोकळ्या रॉडच्या वजनाशी लावायचंच नाही, त्याचा हिशेब वेगळा ठेवायचा. पायाच्या मशीनला सीट कितव्या छिद्रात होती, तेही लिहावं लागतं. एक छिद्र पुढेमागे झालं की गुडघा कण्हतो आणि दुसऱ्या दिवशी आपण वयाला दोष देतो.

विश्रांतीचंही लिहायला हवं. जड सेटनंतर २-३ मिनिटं, हलक्यानंतर १ ते दीड. पलीकडच्या पोराशी "काय भो" सुरू झालं की माझी दीड मिनिटं पाच होतात, आणि मग पुढचा सेट छान गेला म्हणून मीच खूश. शेवटी एक प्रश्न, अजून किती निघाले असते? दोन म्हटलं तर ठीक. पाच म्हटलं तर वजन हलकं पडलं. एकही नाही म्हटलं तर रोज तसं करायचं नाही.

रोज नवा व्यायाम देणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. स्नायूंना गोंधळात टाकायचं म्हणे. गोंधळ वहीचा होतो. पहिले काही आठवडे जी ताकद वाढते ती बरीचशी मेंदू आणि नसांनी कामाची वाट शिकल्यामुळे. ती शिकायला तोच व्यायाम किमान ४ आठवडे परत परत यावा लागतो.

असो. त्याचं नाव घेत बसले की मी थांबत नाही.

उन्हाचं मात्र लिहून ठेवते, नाहीतर पुढच्या वर्षी परत विसरेन. जळगावात मे महिन्यात ४४-४५ म्हणजे नवल नाही, आणि पत्र्याच्या छताखाली संध्याकाळी सहालाही भट्टीच असते. अंगाला उन्हाची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. तेवढे दिवस एक सेट कमी, वजन तेच. सकाळी सहाची वेळ मिळाली तर उत्तमच, पण तेव्हा अर्धं गाव मेहरूण तलावावर चालत असतं आणि उरलेलं अर्धं जिममध्ये. घामाचा दिवस असेल तर मीठ घातलेलं ताक. आणि पहिल्याच आठवड्यात कुणी हौसेने शंभर उठाबशा काढून घेतल्या, अंग सुजलं, लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर तो 'चांगला पंप', म्हणजे व्यायामाने स्नायू फुगणं, नव्हे. थेट डॉक्टरकडे. साधं अंगदुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोरात असतं आणि मग उतरतं. एवढं ट्रेनरने आधीच सांगून ठेवावं.

खाण्याचा छापील कागदही दिला होता त्याने. ब्रोकोली, ओट्स. नानांनी तो चष्मा लावून वाचला आणि काही न बोलता परत दिला. ज्वारीत अख्खे उडीद दळलेल्या कळण्याच्या भाकरीला त्या कागदात जागाच नव्हती. सोबत पावडरचा डबा, "आपल्याकडूनच घ्या". डबा विकणाऱ्याने आहार सांगू नये एवढं मला कळतं. शुगर असेल तर आहारतज्ज्ञाकडेच जावं. पुढचं लिहीत नाही.

परत तेच. मागच्या वेळी किती होतं?

खरं सांगायचं तर, मला तरी कुठे सांगता आलं? साडेसात की दहा? दूधवाल्याचे खाडे मी कॅलेंडरवर लिहिते. गॅसची टाकी कधी लावली तेही. आणि माझ्या स्वतःच्या पायांनी काय उचललं, ते सव्वीस वर्षांच्या पोराने लक्षात ठेवावं अशी अपेक्षा. तो दिवसाला दहा-बारा माणसं घेतो. त्याला माझं नाव आठवतं हेच पुष्कळ. (नाव आठवतं ना? 'ताई' तर तो सगळ्यांनाच म्हणतो.)

कपाटात नानांच्या दुकानाची एक कोरी लाल वही सापडली. जमा आणि नावे, दोन्ही रकाने आखलेले. जमेकडे लिहिलं: स्क्वाट, डंबेल १०, काउंट ६, टाचा उचलल्या. नावेकडे काय लिहावं सुचेना, म्हणून लिहिलं, विश्रांती ५ मिनिटं, 'काय भो'.

शुक्रवारी ही वही त्याच्या हातात देणार. भरायची त्याने, घरी आणायची मी. त्याआधी त्या बारीक रॉडचं वजन एकदाचं करायचंय. जिमच्या काट्यावर एकदा रॉड धरून उभं राहायचं, एकदा रॉड खाली ठेवून, आणि वजाबाकी. म्हणजे माझाही आकडा त्याच्यासमोर मांडावा लागणार. फॉर्मवर लिहिला होता तो नव्हे, खरा. तो तेवढा त्याच्या लक्षात राहू नये म्हणजे झालं.