तुम्ही विचारलंत म्हणून: पॉइंटर डोक्यात कधी शिरला?

ऑफिसातली नवी पोरं हमखास विचारतात, दादा तुला पॉइंटर कसा समजला, आम्ही तर त्या चॅप्टरलाच सी ही प्रोग्रामिंगची भाषा सोडून देतो. पॉइंटर म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीतल्या एखाद्या जागेचा पत्ता धरून ठेवणारी गोष्ट. खरं सांगू? कॉलेजात नाहीच समजला, घोकला आणि पास झालो.

समजला तो परळच्या चाळीमुळे. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, आम्ही ट्रान्झिट कॅम्पात, आणि मामाच्या डायरीत मात्र अजून दुसरा माळा, खोली नंबर 14. मामा आंब्याची पेटी घेऊन रातराणीने आला तो थेट पत्र्याच्या कुंपणासमोर उभा! पत्ता अगदी बरोबर, फक्त खोलीच नाही. तेव्हा माझा एक प्रोग्रामही कधी चालायचा कधी पडायचा, कारण फंक्शनच्या, म्हणजे प्रोग्रामच्या एका तुकड्याच्या, आतल्या लोकल व्हेरिएबलचा (फक्त त्या तुकड्यापुरती व्हॅल्यू ठेवायच्या जागेचा) पत्ता मी बाहेर पाठवत होतो, फंक्शन संपलं की ती जागा त्याची राहत नाही पण पत्ता आपल्या हातात राहतो. हाच डँगलिंग पॉइंटर. नल, म्हणजे रिकामा, आहे का तपासून हा सापडत नाही, कारण डायरीचं पान कोरं नसतं ना, पाडलेल्या चाळीचा पत्ता असतो त्यावर. प्रोग्राम लगेच क्रॅश झाला तर नशीब समजा, नाहीतर जुनीच व्हॅल्यू दिसते आणि आपण निवांत.

म्हणजे पॉइंटर हे डायरीचं पान. त्यालाही स्वतःची जागा लागते, 64 बिट मशीनवर साधारण 8 बाइट, मग पत्ता खोलीचा असो की टॉवरचा.

खरा घोळ घालतो तो स्टार, म्हणजे * हे चिन्ह. 'इंट स्टार पी' (इंट म्हणजे पूर्णांक) लिहिताना आपण पीची ओळख करून देतो, पुढे नुसतं 'स्टार पी' म्हणजे त्या पत्त्यावर जाऊन कडी वाजव. एकच चिन्ह, दोन कामं, आणि हे आम्हाला वर्गात कोणी सांगितलंच नाही. सी बनवणाऱ्या डेनिस रिचीच्या डोक्यात सरळ होतं, 'स्टार पी' हा इंट आहे असं वाचायचं, वापराल तसंच डिक्लेअर करा. म्हणूनच 'इंट स्टार पी, क्यू' लिहिलं तर क्यू साधा इंटच राहतो, यात मी एकदा अख्खी दुपार घालवलीय.

सी प्लस प्लस या भाषेतला रेफरन्स म्हणजे टोपणनाव. घरी मी बाळ्या, माणूस तोच, बाळ्याला मारलं तर मलाच लागणार, आणि ते नाव नंतर दुसऱ्याला देता येत नाही. जावावाले ज्याला रेफरन्स म्हणतात तो मात्र नलही होतो, दुसरीकडेही वळवता येतो, त्याला मी तरी डायरीचं पानच म्हणतो.