भुकटीची राखण

कोळशाचं चित्र कागदावर नुसतं टेकलेलं असतं, असं आपले शाळेतले चित्रकलेचे सर सांगायचे. कागदाच्या खरखरीत अंगात पूड अडकून बसते, तेवढाच तिला आधार. बाही घासली की चेहऱ्याची सावली मनगटावर. म्हणून चित्र संपलं, सही झाली, तरी सरांच्या लेखी काम अर्धंच झालेलं असे. उरलेलं अर्धं म्हणजे फिक्सेटिव्ह, पूड कागदावर धरून ठेवणारा पातळ फवारा.

ते सर स्वतः बनवायचे. सुतार फ्रेंच पॉलिशला वापरतात ती चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायची, वरची निवळ तेवढी घ्यायची आणि आणखी स्पिरिट घालून पाण्याइतकी पातळ करायची. दाट राहिली तर चित्रावर चकाकी येते आणि कोळशाचा मखमली काळा मरतो. शिवाय लाख मुळात तांबूस, पुढे आणखी पिवळी पडणारी. ती जितकी कमी तितकी बरी.

फवारायला काटकोनात जोडलेल्या दोन बारीक नळ्या होत्या. उभी बाटलीत, आडवी तोंडात. उभ्या नळीच्या टोकावरून जोराची फुंकर गेली की तिथला दाब उतरतो, द्रव वर चढतो आणि त्याचे तुषार होतात. भौतिकशास्त्रात हे पुढे शिकलो तेव्हा मला ती बाटलीच डोळ्यांसमोर आली. फवारणी नेहमी व्हरांड्यात, वाऱ्याची दिशा पाहून. बोर्ड उभा, साधारण 30 सेंटिमीटर अंतर. फुंकर कागदाच्या बाहेर सुरू करायची आणि बाहेरच संपवायची, कारण पहिले थेंब मोठे पडतात. एक विरळ हात, तो वाळू द्यायचा, मग दुसरा. एकदाच भिजवून मोकळं व्हायची घाई सरांना मुळीच खपत नसे.

पेस्टलच्या, म्हणजे मऊ रंगखडूंच्या बाबतीत मात्र त्यांचा हात आखडायचा. पेस्टलमध्ये रंगद्रव्य भरपूर आणि डिंक नावापुरता. त्या सुट्या कणांवरून उजेड विखुरतो, म्हणून तो रंग इतका ताजा दिसतो. कणांमधल्या हवेची जागा फिक्सेटिव्हने घेतली की पहिल्या पावसात अंगणातली माती काळवंडते तसा रंग गडद होतो. सर्वांत जास्त मार पांढऱ्याला. रंगीत कागदावर पांढऱ्या खडूने दिलेले नाकावरचे उजेड फवाऱ्यानंतर जवळजवळ नाहीसे होतात. सर आधी कागदाच्या तुकड्यावर ते करून दाखवत आणि मग विचारत, ‘आता तुझ्या चित्रावर मारू?’ फ्रेंच चित्रकार एदगार देगा पेस्टलचे थरावर थर चढवायचा आणि मधले थर फिक्स करायचा, हेही त्यांनीच सांगितलं. त्याचं फिक्सेटिव्ह किआलिव्हा नावाच्या इटालियन चित्रकार मित्राकडून आलेलं. त्याची कृती कुणाला कळली नाही. मीही पेस्टलचे खालचे थर हलके फवारतो, शेवटचा थर मोकळा ठेवतो आणि त्याची राखण काचेवर सोपवतो.

मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर व्यक्तिचित्रं आणि फ्रेमिंग हाच माझा व्यवसाय झाला. पालक विचारतात, हेअरस्प्रे चालेल का? नको. तो केसांसाठी बनवलेला असतो. कागदावर काळाने पिवळा पडू शकतो. मुलांचे ऑइल पेस्टल तर मेणकट असतात, नीट वाळतच नाहीत, त्यांच्यावर साधं फिक्सेटिव्ह धरत नाही. फ्रेमला काच लावा. अॅक्रिलिकच्या शीटवर स्थिर वीज साठते आणि ती पूड ओढून घेते. चित्र आणि काच यांच्यामध्ये जाड माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच. आणि आपल्या कोकणात ओल आलेल्या भिंतीवर फ्रेम टांगू नये. फिक्सेटिव्ह बुरशी अडवत नाही.

हे सगळं या स्मरणिकेत लिहिण्याचं कारण आहे. सुवर्णमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी कपाटातून निघालेली सरांची कोळशाची व्यक्तिचित्रं आणि आम्हा मुलांची पेस्टल लॅमिनेट करून घ्यावीत, अशी सूचना आल्याचं कळलं. कळकळीची विनंती, तसं करू नका. उष्णतेने आणि दाबाने ती पूड प्लॅस्टिकला चिकटेल आणि पुन्हा सुटी होणार नाही. तूर्त प्रत्येक चित्रावर बटर पेपर ठेवून ती आडवी ठेवा, गठ्ठा बांधू नका. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की मी येतो. माउंट, काच, फ्रेम सगळं माझ्याकडे लागलं.