सगळ्यांचा वेग वेगळा, मग पियानो एकत्र कसा शिकवायचा?

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहिते. मोठ्या माणसांच्या पियानोवर्गाबद्दल हा प्रश्न हमखास येतो: आठ जण एकत्र बसले, कुणाचा हात लवकर बसतो, कुणाचा बसत नाही, मग मागच्यांची फरफट आणि पुढच्यांचा खोळंबा होत नाही का?

सगळ्यांपुढे एकच पान ठेवलं तर होतोच. म्हणून धून एक ठेवायची आणि भाग वेगवेगळे द्यायचे. समजा सी मेजरमधली, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांवर बसणारी, चार मात्रांच्या सोळा बारची (बार म्हणजे मात्रांचा एक गट) साधी धून आहे. ज्याला अजून पट्ट्या शोधाव्या लागतात, त्याने डाव्या हाताने प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचा) फक्त मूळ स्वर, म्हणजे ज्यावरून कॉर्डचं नाव पडतं तो, वाजवायचा. दुसऱ्याने पूर्ण कॉर्ड, तिसऱ्याने उजव्या हाताने धून, आणि ज्याला झेपतं त्याने दोन्ही हात. पुढच्या आठवड्यात भाग बदलायचे. चपळ हाताच्या माणसाला नुसता मूळ स्वर वाजवायला सांगून बघा: मोकळ्या तीन मात्रांत तो घाई करतो, आणि लय किती कच्ची आहे ते त्याचं त्यालाच कळतं.

डाव्या हातासाठी सुरुवातीला तीन कॉर्ड पुरतात, पण ते हात न उचलता बदलता आले पाहिजेत. सी कॉर्डच्या सी-ई-जी या पट्ट्या करंगळी, मधलं बोट आणि अंगठ्याने धरा. एफ कॉर्डसाठी करंगळी सीवरच राहते, तर्जनी एफवर आणि अंगठा एवर जातो. जी सेव्हनसाठी अंगठा जीवर, तर्जनी एफवर आणि करंगळी फक्त एक पट्टी डावीकडे, बीवर. नेहमीची चूक एफवर होते. अंगठा सरकतो, पण मधलं बोट ईवरून उठत नाही. ई आणि एफ एकत्र वाजले की कानाला खुपतं. त्यावर उपाय म्हणजे पियानो बंद ठेवून, आवाजाशिवाय, हाताचा नुसता आकार दहा-बारा वेळा बदलायचा.

मोठ्या माणसांची खरी अडचण बोटांपेक्षा सवयीत असते. चुकलं की ती थांबतात, मागे जातात, दुरुस्त करतात. एकट्याने वाजवताना ते खपतं. वर्गात सगळं कोसळतं. माझा नियम एकच: चुकलेला स्वर सोडून द्या, पुढच्या बारच्या पहिल्या मात्रेला समेवर या. मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक वेगाने टिकटिक करून लय देणारं यंत्र, मिनिटाला साठ ठोक्यांवर ठेवा. तरी धाप लागत असेल तर पन्नासवर आणा. खांदे वर चढू लागले की वेग जास्त झालाय हे ओळखावं.

दोन्ही हात जोडताना आधी मांडीवर ताल धरा. मग उजवा हात पट्ट्यांवर, डावा मांडीवर, मग उलट. त्यानंतरच दोन्ही हात पट्ट्यांवर, आणि तेही एकच बार अधिक पुढच्या बारची पहिली मात्रा. ही जास्तीची मात्रा सोडू नका. अडखळायला होतं ते बहुतेकदा एका बारमधून दुसऱ्यात जाताना. बारच्या शेवटी थांबून सराव केला तर नेमकी तीच जागा कच्ची राहते.

डिजिटल पियानोला हेडफोन असतात ते वरदानच, पण तासभर लावून ठेवले तर प्रत्येक जण आपल्यापुरता वाजवतो आणि लय जुळतच नाही. साठ मिनिटांच्या वर्गात वीस मिनिटं पुरे. शिक्षकाने तेवढ्यात एकेकाशेजारी उभं राहून हात बघावा: कोपर पट्ट्यांच्या पातळीत आहे का, मनगट खाली लोंबतंय का. एकट्याने सगळ्यांसमोर वाजवून दाखवायची सक्ती मात्र मुळीच करू नये. हौसेने शिकायला आलेली माणसं त्या धास्तीनेच वर्ग सोडतात.

एखाद्याचा तास बुडाला तर पुढच्या वेळी त्याला मूळ स्वरांचा भाग द्या. धून नवी असली तरी तो लगेच सगळ्यांबरोबर वाजवू लागतो, आणि राहिलेले कॉर्ड हेडफोनच्या वेळेत भरून काढता येतात.