नवा मदरबोर्ड, जुनी विंडोज आणि ‘फॉरमॅट मार’चा सल्ला

मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम एकदमच बदलले. जोडणी झाली, पंखे फिरले, बायोस (विंडोजच्या आधी येणारं बोर्डाचं सेटिंगचं पान) उघडलं, आणि तिथेच गाडं अडलं. विंडोज येईचना. कितीही वेळा रीस्टार्ट करा, मशीन आपलं परत बायोसमध्ये.

बायोसमध्ये स्टोरेजच्या पानावर माझी जुनी एसएसडी (विंडोज असलेली डिस्क) नाव आणि क्षमतेसकट दिसत होती. बूट प्रायॉरिटीची, म्हणजे कोणत्या डिस्कवरून विंडोज सुरू करायची त्याची, यादी मात्र कोरी. डिस्क आहे, पण तिच्यावर विंडोज आहे हे बोर्डाच्या गावीच नव्हतं.

ज्याला विचारावं तो म्हणे, फॉरमॅट मार आणि नवी विंडोज टाक. कित्येक वर्षांची जमवलेली सॉफ्टवेअरं, त्यांची सेटिंगं, सगळं पुसून टाकायचं? कारण कळल्याशिवाय मी तसं करणार नव्हतो.

म्हणून बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या सपोर्टकडे तिकीट टाकलं. सिरियल नंबर, बायोसची आवृत्ती, रॅमचं मॉडेल, पावतीचा फोटो, फॉर्मने मागितलं ते सगळं दिलं. बायोस उघडतंय, एसएसडी दिसतेय, फक्त बूट यादी रिकामी आहे, हे अगदी पहिल्या ओळीत लिहिलं. वाट पाहून पाहून उत्तर आलं: रॅम काढून पुन्हा बसवा, सीमॉस क्लिअर करा (म्हणजे बायोसची सेटिंगं मूळपदावर आणा), डिस्प्लेची केबल तपासा. अहो, स्क्रीनवर बायोस दिसतंय म्हणून तर मी हे सांगू शकतोय! पुन्हा सविस्तर लिहिलं, पुन्हा तीच यादी. शेवटी म्हणे, बोर्ड तपासणीला पाठवा. धडधाकट बोर्ड खोलून पाठवायचा! ‘तुमची डिस्क एमबीआर आहे की जीपीटी?’ (डिस्कवरच्या पार्टिशनांची, म्हणजे भागांची, नोंद ठेवायच्या या दोन पद्धती, पहिली जुनी, दुसरी नवी) एवढा एक प्रश्न कोणी विचारला असता तर काम तिथेच संपलं असतं. तो राग अजून गेलेला नाही.

दुखणं तिथेच होतं. माझी विंडोज मुळात जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेली, डिस्क एमबीआर. जुना बोर्ड सीएसएमच्या, म्हणजे जुन्या पद्धतीला सांभाळून घेणाऱ्या सोयीच्या, आधाराने ती चालवून घेत होता. नवा बोर्ड यूईएफआयवाला, म्हणजे बायोसच्या नव्या पद्धतीचा. तो डिस्कवर ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू करणाऱ्या फायलींचा छोटा भाग) शोधतो, आणि माझ्याकडे ते नव्हतंच. बायोसमध्ये सीएसएमचा पर्याय होता, पण करडा पडलेला. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल, चित्र प्रोसेसरमधूनच येत असेल, तर अलीकडच्या इंटेल बोर्डांवर तो चालू करता येत नाही.

खात्री करायला दुसऱ्या संगणकावर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह बनवला, त्यावरून मशीन सुरू केलं आणि शिफ्ट-एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडला. डिस्कपार्ट या विंडोजच्याच डिस्कच्या टूलमध्ये ‘लिस्ट डिस्क’ दिलं की शेवटी जीपीटीचा रकाना येतो. जीपीटी डिस्कपुढे तिथे तारा असतो. माझ्या एसएसडीपुढे तो रकाना मोकळा होता.

त्यावर मायक्रोसॉफ्टचंच ‘एमबीआर टू जीपीटी’ हे टूल आहे, विंडोज १०च्या १७०३ आवृत्तीपासून आलेलं. डेटा न पुसता ते डिस्क बदलतं. आधी व्हॅलिडेट, ते पास झालं तरच कन्व्हर्ट. डिस्कवर प्रायमरी पार्टिशन तीनपेक्षा जास्त नकोत, लॉजिकल तर एकही नको. डिस्कचा नंबर दोनदा बघा. आणि त्याआधी एसएसडी दुसऱ्या मशीनला लावून बॅकअप घ्या. मी घेतला होता. काम काही क्षणांत झालं. रीस्टार्ट केल्यावर त्या कोऱ्या यादीत ‘विंडोज बूट मॅनेजर’ असं नाव आलं. इतका आनंद झाला म्हणून सांगू! एक फाईल गेली नाही.

हो, बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर कॅबिनेट उघडण्याआधीच त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. बोर्ड बदलला की टीपीएम (त्या कुलपाची किल्ली जपणारा सुरक्षेचा भाग) बदलतो आणि विंडोज ती की मागते.

डीडीआर५ रॅम असेल तर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. रॅमचं ट्रेनिंग (बोर्डाने रॅमशी जुळवून घेणं) चालू असतं, तेव्हा घाईने बंद करू नका. आणि यादीत डिस्क आहे, पण ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ची निळी स्क्रीन येतेय, तर तो आजार निराळा. तिथे बायोसमध्ये स्टोरेज कंट्रोलरचा (डिस्क हाताळणाऱ्या भागाचा) मोड आधी कोणता होता ते बघा, एएचसीआय की रेड.

अ‍ॅक्टिव्हेशन गेलं तर सेटिंग्जमधल्या ट्रबलशूटरमध्ये ‘हार्डवेअर बदललं’ असा पर्याय आहे. मात्र त्यासाठी लायसन्स आधीपासून मायक्रोसॉफ्ट अकाउंटला जोडलेलं लागतं.