स्क्रू आवळणारे यंत्र घेण्यापूर्वी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात शेतीपंपांच्या स्टार्टरची जुळणी होते, आणि स्क्रू आवळण्यासाठी स्वयंचलित यंत्र घ्यायचे ठरल्यापासून माझ्या टेबलावर कोटेशनांचा ढीग साचला आहे. यंत्र मिनिटाला किती स्क्रू बसवते, हा आकडा प्रत्येक कोटेशनमध्ये ठळक छापलेला असतो. मला मात्र तो सर्वांत शेवटी पाहावा असे वाटते. आधी आपला स्क्रू पाहावा.

स्क्रू पुरवण्याच्या एका पद्धतीत थरथरत्या बाउल फीडरमधून (स्क्रू रांगेत लावणाऱ्या वाडग्यातून) रांगेने आलेला स्क्रू हवेच्या दाबाने नळीतून थेट स्पिंडलपर्यंत (स्क्रू फिरवणाऱ्या दांड्यापर्यंत) ढकलला जातो. दुसरीत स्पिंडल स्वतः फीडरपाशी जाऊन व्हॅक्यूमने तो उचलते. पहिली पद्धत वेगवान असली, तरी स्क्रूने नळीत कोलांटी खाऊ नये यासाठी त्याची डोक्यासह लांबी डोक्याच्या व्यासापेक्षा बरीच जास्त असावी लागते. एम४ (४ मिमी व्यासाच्या) पॅन हेड, म्हणजे चपट्या गोल डोक्याच्या, स्क्रूचे डोके ८ मिमी व्यासाचे आणि सुमारे ३ मिमी जाडीचे असते. त्यामुळे स्टार्टरच्या बॉडीवरचा १२ मिमीचा स्क्रू एकूण १५ मिमी भरतो व नळीतून विनातक्रार जातो. वायर जोडायच्या टर्मिनलवरचा ६ मिमीचा स्क्रू मात्र जेमतेम ९ मिमी भरतो आणि नळीत आडवा होऊन अडकण्याची धास्ती कायम राहते. हे गणित फूटपट्टीने दोन मिनिटांत होते, तरी विक्रेते ते क्वचितच आपणहून सांगतात.

खरा पैसा टॉर्कमध्ये, म्हणजे स्क्रू आवळणारा पीळ नेमका राखण्यात, गुंतवावा, असे माझे मत आहे. क्लचचा साधा ड्रायव्हर ठरलेला टॉर्क आला की सुटतो. तो टॉर्क कशामुळे आला, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. एम४ च्या आट्यांचा पिच (लगतच्या दोन आट्यांमधले अंतर) ०.७ मिमी असल्याने ७ मिमी आत जाण्यासाठी स्क्रूला दहा फेरे घ्यावे लागतात. तिसऱ्याच फेऱ्यात टॉर्क पूर्ण झाला, तर स्क्रू तिरका धरला आहे. दहा फेरे उलटूनही टॉर्क चढत नसेल, तर आटे गेले आहेत. टॉर्कबरोबर स्क्रू किती फिरला तो कोनही मोजणारा सर्वो (नियंत्रित मोटरचा) ड्रायव्हर हे दोन्ही दोष तिथल्या तिथे पकडतो. शिवाय लावलेल्या टॉर्कपैकी साधारण दहा टक्केच पकड निर्माण करण्यासाठी खर्च होतो आणि उरलेला घर्षणात जातो, त्यामुळे प्लेटिंग किंवा तेलकटपणा बदलला की तोच टॉर्क वेगळी पकड देतो. म्हणून स्क्रूचा पुरवठादार बदलल्यावर टॉर्क नव्याने ठरवावा लागतो.

सोलापूरच्या दृष्टीने काही गोष्टी कोटेशनबाहेर विचाराव्या लागतात. मे महिन्यात बाहेरच पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त तापते, तेव्हा कंट्रोलर किती तापमानापर्यंत चालेल हे लेखी घ्यावे. शेजारी टॉवेलचे यंत्रमाग असतील, तर सुताचे तंतू बाउलमध्ये बसून स्क्रूची वाट अडवतात, म्हणून झाकण हवेच. पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या हवेतले पाणी नळीत उतरते. त्यासाठी एअर ड्रायरचा खर्च आधीच धरावा. आणि सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून येणार असेल, तर बिट (स्क्रूच्या डोक्यात बसणारे टोक), नळी आणि स्क्रू धरणारे जबडे यांचा जादा संच ऑर्डरमध्येच लिहून घ्यावा.

चाचणीसाठी विक्रेत्याचे चकचकीत नमुने मी मान्य करत नाही. आमच्याच बॉडी आणि गोदामातील पोत्यातून न निवडता काढलेले स्क्रू पाठवतो. सध्या माझा कल १२ मिमीच्या स्क्रूसाठी नळीचे सर्वो यंत्र घेण्याकडे आहे; टर्मिनलचे स्क्रू तूर्त ऑपरेटरच्या हातीच राहतील.